अपडेटनंतरचे अठ्ठावीस गुण

मी बटण दाबलंच नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, "पण तू ते अपडेट केलंसच कशाला?" अहो, मी कशाला करीन? दुकान बंद करायची वेळ झाली होती. कॉम्प्युटर बंद करायला गेले, तर पडदा निळा झाला आणि त्यावर गोल गोल फिरायला लागलं. खाली ताकीद, की बंद करू नका. माझ्याच दुकानात, माझ्याच पैशानं घेतलेल्या डबड्यानं मला दम द्यावा! लाइट जाईल या भीतीनं थोडा वेळ स्टुलावर बसून राहिले, मग कंटाळले, त्याला तसंच फिरत ठेवलं आणि शटर ओढून घरी गेले.

दुकान बारामतीत, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, सातबारा आणि जन्मपत्रिका. पत्रिकेचा प्रोग्राम जुना, सीडीवर आलेला. जन्माची तारीख, वेळ आणि गाव टाकलं की रास, नक्षत्र, नावाचं अक्षर निघतं. मुलाची आणि मुलीची अशा दोन्ही तारखा टाकल्या की छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते निघतं. "मावशी, तुझा तरी विश्वास हाय का ह्याच्यावर?" असं माझी भाची मला कायम डिवचायची. मी म्हणायची, "दुकानात हाय, घरी न्हाय."

ही भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताईला डाळजला दिलीय, शेतकऱ्याच्या घरात. भाचीला बारामतीत माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि ती माझ्याकडं राहायला आली. मला मूलबाळ नाही, त्यामुळं घरात ती असली की मला घर भरल्यासारखं वाटायचं. तिच्या शेजारच्या टेबलावर काटेवाडीचा एक मुलगा कामाला होता. वडील लहानपणीच गेलेले, आजोबांनी वाढवलेला, घरी ऊस, गोठा, सगळं व्यवस्थित. एकदोनदा तो भाचीला सोडायला आला होता. चहा घेणार की सरबत, विचारलं तर म्हणाला, "काहीबी चालंल." मला पोरगं गरीब स्वभावाचं वाटलं, आवडलं. आणि भाचीला तर इतकं आवडलं होतं, की ती भाकरी थापताना गुणगुणायला लागली होती. जिला साधा सूर धरता येत नाही, ती!

लग्नाचं बोलणं दोन्ही घरांत निघालं. जात, शेती, शिक्षण, कशालाच अडचण नव्हती. मुलाच्या आजोबांची, म्हणजे आबांची, एकच अट होती. गुण जुळले पाहिजेत. अठराच्या खाली आले की विषय संपला. आबांचा निरोप आला, की मुलीच्या मावशीचंच पत्रिकेचं दुकान आहे तर त्यांनीच काढून द्यावी, आमचा विश्वास आहे. तेव्हा भाची मला म्हणाली होती, "न्हाय जुळले तर तो आबांच्या शब्दाबाहेर जायचा न्हाय, मावशी." म्हणताना हसत होती, पण ओढणीचं टोक पिळून पिळून तिनं त्याची वात केली होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात हे अपडेट! सकाळी दुकान उघडलं तर कॉम्प्युटर एकदम सोज्वळ. नवा पडदा, नवी चित्रं, आणि काम म्हणाल तर शून्य. हातभर अंतरावरचा प्रिंटर त्याला सापडेना. मराठी टाइप करायला गेले तर क दाबला की चौकोन येई. आणि पत्रिकेच्या प्रोग्रामवर टिचकी मारली की क्षणभर विचार केल्यासारखं करून गप्प. प्रिंटर काढून लावला, तो सापडला. मराठीचा नवा कीबोर्ड उतरवून घेतला, तो चालला. पत्रिका मात्र उघडेना. ज्यांनी प्रोग्राम विकला होता त्यांना फोन लावला.

"मॅडम, रीस्टार्ट केलं का?"

"सकाळपासून तेच करतीय."

"मग मॅडम, ते व्हर्जन आता बंद झालं. नवीन घ्यावं लागेल."

"आणि जुन्याचं काय करू? लोणचं घालू?"

त्यानं फोन ठेवला. मग मी पदर खोचला. प्रोग्राम काढून टाकला, जुन्या सीडीवरून परत घातला. तरी नाही. शोधता शोधता कळलं, की अपडेटबरोबर आलेल्या व्हायरस पकडणाऱ्या राखणदारानं माझ्या प्रोग्रामची एक फाइलच कोंडून ठेवलीय. इतकी वर्षं घरात जेवणारा माणूस, आणि नव्या वॉचमननं त्याला चोर म्हणून धरलं! ती फाइल सोडवली. प्रोग्राम उघडला आणि लगेच मिटला. मग लक्षात आलं, की नवा मराठी कीबोर्ड चालू असला की हा मिटतो आणि तो बंद केला की हा उघडतो. सवती-सवतींचं भांडण नुसतं. एकीला माहेरी पाठवल्याशिवाय दुसरी बोलायला तयार नाही. असो, युक्ती सापडली. कीबोर्ड बंद, मग पत्रिका. खात्री म्हणून माझी स्वतःची जन्मतारीख टाकून पाहिली. माझा जन्म तेवीस तारखेचा. रास बरोबर, नक्षत्र बरोबर, सगळं पूर्वीसारखं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एकटीनंच स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग देवाचं नाव घेऊन भाचीची आणि त्या मुलाची पत्रिका जुळवली. अठ्ठावीस गुण आले. मी परत एकदा जुळवली, परत अठ्ठावीस. वर गणपती असलेल्या जाड कागदावर छापून काढली. भाची संध्याकाळी आली तेव्हा मी कागद पाठीमागं लपवून म्हटलं, "काय देशील?" तिनं तो हिसकावून घेतला, आकडा बघितला आणि मला उचललंच! माझं वजन काय, तिचं वजन काय. दोघी पडता पडता वाचलो. काटेवाडीला कागद गेला, तिकडून पेढे आले, आणि येत्या रविवारी माझ्याच घरी बैठक ठरली. सुपारी फोडायची आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरायचं.

हे सगळं झालं आणि मोरगावकडचे एक तात्या दुकानात आले. चार दिवसांपूर्वी त्यांनी नव्या नातवाची पत्रिका माझ्याकडून काढून नेली होती. तोच कागद त्यांनी माझ्यापुढं टेबलावर आपटला.

"बाई, आज बारसं हाय आमच्या हितं. गुरुजींनी ह्यो कागद बघितला आन् हसाय लागलं."

"का? काय झालं?"

"आमचा नातू झाला श्रावणात. तुमच्या कागदावर हाय माघ. अवो, माघात सुनबाईचं डोहाळजेवणबी झालं नव्हतं!"

मी कागद हातात घेतला. वर तारीख स्वच्छ छापलेली, ०२/०८. दोन ऑगस्ट. बरोबर. आणि खाली महिना माघ. मी म्हटलं, "तात्या, तारीख तर बरोबर हाय की." तात्या म्हणाले, "व्हय, तारीख बरोबर हाय आन् पोरगं चुकलंय." परत तारीख टाकली. परत माघ. मोरगावच्या जागी बारामती टाकून पाहिलं, माघच. कीबोर्ड पूर्ण काढून टाकला, राखणदाराला झोपवलं, प्रोग्राम तिसऱ्यांदा नव्यानं घातला. माघ काही हलेना. माझी स्वतःची पत्रिका काढली तर ती बरोबर. टेबलावर पडलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची तारीख टाकली, एकोणीस तारीख होती, तीही पंचांगाशी जुळली. सात तारखेच्या एका मुलीची टाकली, तर ती चुकली. एक बरोबर, एक चूक, परत एक बरोबर. पूर्ण बंद पडलेलं मशीन परवडलं, पण अर्ध्या वेळा खरं बोलणाऱ्याचं करायचं काय? माझं डोकं भणभणायला लागलं. अपडेटच काढून टाकावं म्हणून बघितलं, तर ते जागचं हलेना. तात्या चहा पीत बाकावर बसले होते. मधूनच म्हणायचे, "आमच्या ट्रॅक्टरचं असंच झालं हुतं. फिल्टर बघा फिल्टर." कॉम्प्युटरचा फिल्टर कुठं शोधू मी?

हात टेकले आणि नुसती पडद्याकडं बघत बसले. उजव्या कोपऱ्यात खाली आजची तारीख असते. तिथं लिहिलं होतं, ८/१३. आठ, आणि मग तेरा. मी दोनदा वाचलं. आठ तारीख, तेरावा महिना? आमच्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, पण तो असा खरोखरचा उगवलेला मी पहिल्यांदाच बघत होते. आणि मग डोक्यात उजेड पडला. महिना आधी लिहिलाय आणि तारीख नंतर! सेटिंग उघडलं. अपडेटनं आमची गल्ली परस्पर अमेरिकेत नेऊन ठेवली होती. आपण दोन ऑगस्ट लिहिलं की तो आठ फेब्रुवारी वाचत होता. तारीख बाराच्या वरची असली, की त्याला तसला महिना सापडत नव्हता, म्हणून मग नाइलाजानं बरोबर वाचत होता. माझी तेवीस, म्हणून मी बरोबर. बारा तारखेपर्यंत तर कोपऱ्यातली ती उलटी तारीख माझ्या डोळ्यांपुढं असून मला खटकली नव्हती.

भारत निवडलं, तारीख टाकली, श्रावण आला. तात्यांनी टाळी वाजवली. नवा कागद घेऊन, "फिल्टरच हुता का न्हाय?" असं म्हणत ते बारशाला निघून गेले.

मी एकटीच हसत होते, आणि हसता हसता एकदम थांबले. भाची पंचवीस तारखेची, तिचं ठीक. पण त्या मुलाचा जन्म सहा जानेवारीचा. शून्य सहा, शून्य एक. म्हणजे प्रोग्रामनं तो वाचला होता एक जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म शाळेतल्या मास्तरांनी एक जूनलाच उरकलाय, तो त्या बिचाऱ्याचाही कॉम्प्युटरनं उरकला होता. तारखा परत टाकल्या. बोट त्या बटणावर जाईना, पण दाबलं. नऊ गुण, आणि खाली लाल अक्षरांत नाडीदोष.

खरं सांगते, मी सेटिंग परत अमेरिकेवर नेलं आणि ते अठ्ठावीस डोळे भरून बघितले. मग भारत, नऊ. मग परत अमेरिका. कुणाला काय कळणार होतं? माझा तर ह्या गुणांवर घरी विश्वास नाही, मग हे भारत-अमेरिका मी कशाला करत बसले होते? आणि विश्वास आहे म्हणावं, तर ह्या पोरीला मी नऊवर सोडायची का? दोन्ही बाजूंनी विचार केला की दोन्हीकडून मीच मूर्ख ठरत होते. दुकान भर दुपारी बंद केलं.

भाचीला संध्याकाळी सगळं सांगितलं. तिला तारखेची भानगड एका वाक्यात समजली, माझ्यासारखा अर्धा दिवस लागला नाही. तिनं पर्स उघडून फोन बाहेर काढला. मग म्हणाली, "आधी त्याला सांगते," आणि माझ्यासमोरच फोन लावला. बोलली थोडं, ऐकलं बराच वेळ.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आबांना कळलं तर अवघड हाय. काय करायचं ते मावशी ठरवतील."

"मी? मी कोण लागून गेले? लग्न माझं हाय व्हय?" मी भडकलेच. पण ती शांत होती, मला ते जास्त लागलं. ती म्हणाली, "आपण सांगून टाकू मावशी. उद्या त्यांनी दुसरीकडं कुठं पत्रिका दाखवली तर आईला तोंड दाखवायला जागा राहणार न्हाय." मी म्हटलं, "आणि आबा नाही म्हणाले तर?" त्यावर तिनं खांदे उडवले. पण मग हळूच म्हणाली, "तो बोलंल की. इतकं झाल्यावर बोलंलच."

रविवारी ताई आणि दाजी डाळजहून आले. ताईला मी सकाळीच सांगितलं होतं, ती तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. आबा आले, पांढरं धोतर, करकरीत टोपी, मागं तो मुलगा. सतरंजीवर सगळे बसले. पोरानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. आता आमच्याकडची रीत अशीच आहे, बैठकीत मोठ्यांनी बोलायचं आणि नवऱ्या मुलानं सतरंजीचे धागे मोजायचे. त्यात कुणी वावगं मानत नाही. पोहे झाले, पाऊसपाणी झालं, उसाची लागण झाली. मग मी हात जोडले आणि आबांना सगळं सांगितलं. अपडेट, अमेरिका, सहा जानेवारीचा एक जून, आणि नऊ गुण.

आबा माझ्याकडं बघतच राहिले. "म्हंजी कॉम्प्युटरनं आमच्या पोराचा जन्मच बदलला?"

"जन्म न्हाई आबा, वाचायचा चुकला."

"आन् पोरीचा न्हाय चुकला?"

"तिची तारीख पंचवीस. बाराच्या पुढं चुकत न्हाई तो."

"हे कसलं बाराच्या पुढं?" आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मी कागदावर लिहून दाखवलं, दाजींनी मध्येच आणखी घोळ घातला, मग माझाच गोंधळ उडाला, की नऊ कुठले आणि अठ्ठावीस कुठले. शेवटी आबांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. खरं ते नऊ?" मी म्हटलं, "खरं ते नऊ." ताईनं डोळ्याला पदर लावला.

आणि मग आबांनी जे केलं ते मी कुठल्याच बैठकीत बघितलेलं नव्हतं. ते नातवाकडं वळले. "तुझं काय म्हणणं हाय?"

भाची स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, तर ती त्याच्याकडं बघत होती. बोल रे बाबा, मी मनातल्या मनात म्हणत होते, एक शब्द बोल.

"आबा, तुमी म्हणाल तसं," तो सतरंजीला म्हणाला.

आबांनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग मांडीवर थाप मारली. "बाईंनी लपवलं न्हाय, ह्येच मोठं. घर सरळ हाय. दोषाची शांत करून घिऊ आन् लगीन करू. आमचं व्हय हाय!" ताईच्या तोंडातून हुंदका आणि हसू एकदमच आलं. दाजी आबांच्या पाया पडायला वाकले. माझ्या जिवात जीव आला, मी उठून साखरेचा डबा घेऊनसुद्धा आले.

भाचीनं ट्रे खाली ठेवला. आबांना खाली वाकून नमस्कार केला आणि उभं राहून म्हणाली, "आबा, तुमचे उपकार हायत. पण मला लगीन तुमच्याशी न्हाय करायचं."

"आगं!" ताई ओरडली.

"तुमी दोनदा व्हय म्हणालात. अठ्ठावीसला म्हणालात, नऊलाबी म्हणालात. ह्यांनी एकदाबी व्हय म्हटलं न्हाय. इचारलं तरी न्हाय."

आबा समजुतीनं म्हणाले, "पोरी, वडीलधाऱ्यांपुढं पोरगं बोलत न्हाय. ह्याला संस्कार म्हणत्यात."

"मला ठावं हाय आबा. पण आज बोलायचं हुतं."

त्यानं तेव्हा मान वर केली. तोंड उघडलं, आबांकडं बघितलं आणि परत मिटलं. मला त्याचीही दया आली. वडील नसलेलं पोर, ज्यानं वाढवलं त्याच्यापुढं कधी ब्र काढलेला नाही, त्याला एकाच दुपारी बोलायला कुठून येणार? आणि तरी मला त्याच्या एक कानफटात द्यावीशीही वाटली. आबा उठले, माझ्या हातातल्या डब्यातली चिमूटभर साखर त्यांनी तोंडात टाकली, कारण दारची साखर नाकारायची नाही, आणि नातवाला घेऊन निघून गेले. चहा तसाच राहिला.

ताईनं मला बोल बोल बोलून घेतलं. तुझं ते मशीन, तुझा तो शहाणपणा, चांगलं बरोबर चालू होतं, ते दुरुस्त कशाला केलंस? मी ऐकून घेतलं. मला तिला सांगायचं होतं, की अगं, ते बरोबर नव्हतंच, चुकलेलं होतं. पण नेमकं काय चुकलेलं होतं आणि मी काय दुरुस्त केलं, ते माझंच मला धड सांगता येईना. अजून येत नाही. पोरीचं भलं झालं की वाटोळं झालं, ते अपडेटनं केलं की मी, की कुणीच नाही? विचार केला की परत एक बरोबर, एक चूक असंच सुरू होतं.

ताई-दाजी संध्याकाळच्या गाडीनं गेले. भाची भांडी घासत होती आणि मी शेजारी उभी राहून विसळत होते. दुसऱ्या दिवशी तिला त्याच्याच शेजारच्या टेबलावर कामाला बसायचं होतं. मी म्हटलं, "रजा टाक चार दिवस." तिनं नको म्हणून मान हलवली. नळ बंद केला आणि माझ्याकडं वळून विचारलं,

"मावशी, तू इतक्या पत्रिका काढल्यास. किती गुण आले असते म्हंजी तो बोलला असता?"

मी हातातलं विसळलेलं ताट पदरानं पुसायला लागले. आणि मग मात्र ती रडली.